कोल्ट्रेन ऐकताना तारीख बघा

प्रश्न : मी कोल्हापूरला बँकेत नोकरी करते. घरात लहानपणापासून ख्याल ऐकत आले, जॅझचा मात्र गंधही नव्हता. दोन महिन्यांपूर्वी माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकला आणि त्यातल्या जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनने पकडून ठेवलं. मग अ‍ॅपवर त्याचं नाव टाकलं, तर शंभराहून जास्त अल्बम निघाले. दिसतील तसे लावत गेले. एक इतका शांत की डोळा लागावा, दुसऱ्यात नुसता कल्लोळ. 'ओम' हे नाव पाहून मोठ्या आशेने लावला आणि पाच मिनिटांत बंद केला. हे सगळं एकाच माणसाचं आहे का? सुरुवात कुठून करू? त्यासाठी पाश्चात्त्य संगीत शिकावं लागेल का? विकत घ्यायचंच झालं तर काय घेऊ? आणि शेवटचं : आई रोज रात्री माझ्यासोबत गाणं ऐकते. तिला आवडेल असं यात काही आहे का?

उत्तर : हो, सगळं एकाच माणसाचं आहे, आणि तेही जेमतेम दहा वर्षांतलं. स्वतःच्या नावावर कोल्ट्रेनने पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं ते ३१ मे १९५७ रोजी. १७ जुलै १९६७ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. एवढ्या काळात त्याचं वाजवणं इतकं बदललं की १९५८ चा कोल्ट्रेन आणि १९६६ चा कोल्ट्रेन पाठोपाठ लावले तर नव्या श्रोत्याला ते दोन वेगळे वादक वाटतील. तुमच्या कानात काही खोट नाही. अ‍ॅपने तुम्हाला ही दहा वर्षं पत्त्यांसारखी पिसून दिली, एवढंच झालंय.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : अल्बम कधी निघाला ते बघू नका, कधी वाजवला गेला ते बघा. कोल्ट्रेनच्या बाबतीत या दोन तारखांत कधी सहा वर्षांचं अंतर असतं, तर कधी पंचावन्न वर्षांचं.

असं का, ते समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो. १९५७ आणि ५८ या दोन वर्षांत तो प्रेस्टिज कंपनीसाठी वाजवत होता. तिथली रीत अशी, की दिवसभर वादकांना बसवून भरपूर मुद्रण करून ठेवायचं आणि सवडीने बाजारात आणायचं. कोल्ट्रेन १९५८ अखेर तिथून बाहेर पडला. पुढे त्याचं नाव मोठं झालं, तसं कंपनीने जुनं मुद्रण एकेक करून काढलं. 'ब्लॅक पर्ल्स' मे १९५८ मधला, पण निघाला १९६४ मध्ये. 'द लास्ट ट्रेन' हे नाव वाचून कुणालाही वाटेल की हे त्याचं अखेरचं वादन असणार. आत आहे ते १९५७-५८ मधलं. १९५९ ते ६१ तो अटलांटिककडे होता. तिथे २१, २४ आणि २६ ऑक्टोबर १९६० या तीन दिवसांत त्याने जे वाजवलं, त्यातला मोठा भाग 'माय फेव्हरिट थिंग्ज' (१९६१), 'कोल्ट्रेन प्लेज द ब्लूज' (१९६२) आणि 'कोल्ट्रेन्स साउंड' (१९६४) अशा तीन अल्बमांत विभागला गेला. प्रसिद्धीच्या सालावर गेलात तर एका आठवड्याचं काम तुम्हाला चार वर्षांची वाटचाल वाटेल. १९६१ पासून अखेरपर्यंत तो इम्पल्स कंपनीकडे होता, आणि तिथलं तर अजूनही निघतंच आहे : मार्च १९६३ चं 'बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स' २०१८ मध्ये आलं, ऑगस्ट १९६१ चं 'इव्हनिंग्ज अ‍ॅट द व्हिलेज गेट' २०२३ मध्ये.

अ‍ॅपवर दिसणारं साल तर बऱ्याचदा नव्या आवृत्तीचं असतं, त्यावर मुळीच विसंबू नका. त्याऐवजी एक वही करा. प्रत्येक अल्बमसाठी पाच नोंदी : मुद्रणाची तारीख, कंपनी, पियानोवर कोण, बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) कोण, ड्रम्सवर कोण. ही माहिती सीडीच्या पुस्तिकेत, रेकॉर्डच्या पाठीवर किंवा इंटरनेटवरच्या वादनसूचीत मिळते. कोल्ट्रेनचा काळ ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे ड्रमर. फिली जो जोन्स किंवा आर्ट टेलर असेल तर १९५७ ते ५९, वादन गोळीबंद आणि लयीला पक्कं. एल्विन जोन्स असेल तर १९६० ते ६५. हाच मधला, सगळ्यात भरघोस काळ. रशीद अली असेल तर १९६५ ची अखेर ते ६७. तिथे ठेका मोजायला मिळेल ही अपेक्षा सोडून द्यायची. अपवाद आहेत. १९६३ मध्ये काही ठिकाणी एल्विनच्या जागी रॉय हेन्स आहे. पण दहातल्या नऊ वेळा ही खूण चालते.

आणखी काही खड्डे आत्ताच दाखवून ठेवते. नुसतं 'कोल्ट्रेन' याच नावाचे दोन अल्बम आहेत, एक प्रेस्टिजचा १९५७ चा आणि एक इम्पल्सचा १९६२ चा. 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड'मध्ये मैफलीसोबत स्टुडिओतलं मुद्रणही आहे. 'इन्फिनिटी' या अल्बममधलं व्हायोलिनवृंदाचं संगीत कोल्ट्रेन गेल्यानंतर वर चढवलेलं आहे, तो ऐकून त्याच्याविषयी मत बनवू नका. दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली त्याने केवळ साथीला वाजवलेलं मुद्रणही नंतर त्याचा फोटो लावून विकलं गेलंय. आणि 'बेस्ट ऑफ', 'एसेन्शियल' असं काही लिहिलेलं असेल तर सोडून द्या. त्यात १९५७ नंतर १९६५, मग परत १९६०, अशी उडी असते, आणि तुम्ही ज्या गोंधळातून बाहेर पडू पाहताय तोच पुन्हा पुढ्यात येतो.

आता शिकावं लागेल का, हे. नाही. पण मोजावं लागेल, आणि ते तुम्हाला येतं. ख्याल ऐकणारा माणूस नकळत समेची वाट बघत असतो, तीच सवय इथे कामाला येते. जॅझमध्ये ठरलेल्या लांबीचं एक आवर्तन असतं, त्याला कोरस म्हणतात. आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेक वादक त्याच आवर्तनावर हवे तितके फेरे घेतो, शेवटी धून पुन्हा येते. ब्लूज असेल तर आवर्तन १२ बारचं, एका बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. फरक एवढाच, की आपल्याकडे सा जागचा हलत नाही आणि इथे आवर्तनाच्या आत कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत जातात, पायाखालची जमीन ठरलेल्या ठिकाणी सरकत राहते. राग शोधायला गेलात तर दोन बारमध्ये हातातून निसटेल. आवर्तन धरून बसा.

यासाठी पहिला आठवडा 'ब्लू ट्रेन'ला द्या. १५ सप्टेंबर १९५७ चं मुद्रण, ब्लू नोट कंपनीसाठी स्वतःच्या नावावर केलेला त्याचा एकुलता एक अल्बम. पाच रचना, सुमारे ४२ मिनिटं. शीर्षकाची रचना साधारण पावणेअकरा मिनिटांची आणि सरळ ब्लूज आहे. सुरुवातीला तिन्ही फुंकवाद्यं मिळून एक छोटं वाक्य टाकतात आणि पियानो त्याला उत्तर देतो. मग सोलोंचा क्रम : कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, ली मॉर्गनचा ट्रम्पेट, कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन, केनी ड्र्यूचा पियानो, पॉल चेंबर्सचा बास. पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी सॅक्सोफोनकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐका. बास दर मात्रेला एक स्वर टाकत चालतो, त्यावर बोट टेकवत चार-चार मोजत बारा बारपर्यंत जा. चुकेल. कोल्ट्रेनच्या सोलोत तो दुपटीत शिरला की हमखास चुकेल, कारण कान त्याच्यामागे धावतो आणि बोट थांबतं. तिथे पुन्हा बासवर या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तुम्हाला जाणवेल की बारा बार संपले की काहीतरी मिटतं आणि नवं उघडतं. हे एकदा कानाला लागलं की पुढचा सगळा रस्ता मोकळा. इथे घाई करू नका, आठवडा कमी पडला तर दोन घ्या.

त्यानंतर 'जायंट स्टेप्स', पण त्यातली शीर्षकाची रचना पहिल्यांदा लावू नका. ती फार प्रसिद्ध आहे आणि नवे श्रोते तिथेच आपटतात. सोळा बारच्या आवर्तनात एकमेकांपासून लांब असलेल्या तीन स्वरांवर सा फिरत राहतो, आणि लय इतकी चढी की अख्खं आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत संपतं. वादकांचीही दमछाक झालेली आहे : पियानोवरचा टॉमी फ्लॅनगन आपल्या सोलोत अडखळतो, ते स्पष्ट ऐकू येतं. या अल्बममध्ये 'नाईमा'ने सुरुवात करा. ही रचना मे १९५९ च्या इतर मुद्रणांसोबतची नाही. ती २ डिसेंबर १९५९ ला, वेगळ्या पियानोवादकासोबत आणि ड्रमरसोबत केलेली आहे. चार-साडेचार मिनिटांची. धून वाजत असताना बास बहुतेक वेळ एकाच स्वरावर ठाण मांडून असतो, वर पियानोचे कॉर्ड बदलत राहतात. खर्ज कायम ठेवून वरचे रंग बदलावेत तसं हे आहे, आणि ख्याल ऐकलेल्या कानाला ते पहिल्याच वेळी भिडतं. मग 'मिस्टर पी.सी.', तोही बारा बारचा ब्लूज, म्हणजे मोजता येणारा. शीर्षकाची रचना सगळ्यात शेवटी.

आता येतो तो अल्बम ज्याच्यावर मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन : 'माय फेव्हरिट थिंग्ज'. मूळ गाणं 'द साउंड ऑफ म्यूझिक' या १९५९ च्या ब्रॉडवे संगीतनाटकातलं, तीन मात्रांच्या चालीतलं, साधंसोपं. कोल्ट्रेनने ते सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतलं. टेनरपेक्षा आवाज वरचा, थोडा सनईच्या बाजूला झुकणारा. रचना पावणेचौदा मिनिटांची. त्याने केलं काय, तर गाण्याच्या ओळी आणि ओळींच्या मधली जागा वेगळी काढली आणि ती मधली जागा ताणली, इतकी की पियानोवर मॅकॉय टायनर दोनच कॉर्ड आलटूनपालटून कित्येक मिनिटं वाजवत राहतो. एकदा कोमल गंधाराचा रंग, एकदा शुद्ध गंधाराचा, सा तोच. टायनरचा सोलो ऐकताना वाटेल की काहीच घडत नाहीये. तिथे त्याचा डावा हात ऐका, तो एकच आघात पुन्हापुन्हा टाकत राहतो, आणि त्याच वेळी एल्विन जोन्सच्या झांजेकडे कान द्या. तीन मात्रांच्या चौकटीत तो दोनाचा आणि चाराचा झोल एकाच वेळी खेळवतो. मूळ गाण्याचा शेवटचा भाग, कुत्रं चावलं, मधमाशी डसली अशा शब्दांचा, कोल्ट्रेन अगदी अखेरीपर्यंत राखून ठेवतो. तो आला की समजायचं, आता मुक्काम जवळ आला.

ही एकच रचना तो मरेपर्यंत वाजवत राहिला, आणि त्याच्या अफाट वादनसंग्रहात शिरायची याहून चांगली वाट मला ठाऊक नाही. एकाच गवयाचा एकच राग वेगवेगळ्या वर्षांच्या मैफलींत ऐकतो ना, तसं करा. पहिल्यांदा ऑक्टोबर १९६० चं स्टुडिओतलं. मग ऑगस्ट १९६१ चं व्हिलेज गेटमधलं. इथे एरिक डॉल्फी बासरी वाजवतो, मुद्रणात ड्रम्स फार पुढे आहेत, पण ऊब विलक्षण. मग ७ जुलै १९६३ चं न्यूपोर्टचं, सुमारे सतरा मिनिटांचं. इथे रॉय हेन्स आहे, एल्विनचा जाड गालिचा नाही, सगळं टोकदार आणि हलकं, आणि या तुलनेतून एल्विन एरवी काय करत होता ते लख्ख कळतं. ही तिन्ही महिनाभरात ऐकून होतील. २८ मे १९६६ चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं मात्र सहा महिने थांबून ऐका. तोवर टायनर आणि एल्विन दोघंही सोडून गेलेले असतात, पियानोवर अ‍ॅलिस कोल्ट्रेन, ड्रम्सवर रशीद अली, जोडीला फॅरो सँडर्सचा दुसरा सॅक्सोफोन. धून केवळ खुणेपुरती उरते. जुलै १९६६ मध्ये टोकियोत वाजवलेलं तर सत्तावन्न मिनिटांचं आहे. पहिली तीन नीट मुरलेली असतील तर त्या कल्लोळातही धुनेचे तुकडे तुम्हाला ओळखता येतील. ती मुरली नसतील तर तो नुसता गोंगाट राहील. तुम्ही अर्ध्यात बंद केलेल्या अल्बमांचं असंच झालं.

हाच प्रयोग 'आय वाँट टू टॉक अबाउट यू'वरही होतो. १९५८ च्या 'सोलट्रेन'वर ती सुरेल, घरंदाज गत आहे. १९६३ च्या 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड'वर अखेरीस बाकीचे तिघे थांबतात आणि कोल्ट्रेन एकटाच, कुणाच्या साथीविना, वाजवत राहतो. त्याच अल्बममध्ये 'अलाबामा' आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅममधल्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी केलेल्या बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या, त्यानंतर दोनच महिन्यांनी वाजवलेली ही पाच मिनिटं. ती लावाल तेव्हा आजूबाजूला दुसरं काही चालू नको.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये झालेलं वादन 'लाइव्ह अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'इंप्रेशन्स' या दोन अल्बमांत विखुरलंय. 'इंप्रेशन्स'ची शीर्षकरचना तुम्हाला ओळखीची वाटेल, कारण तिचा सांगाडा 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'चाच आहे : बत्तीस बार, पहिले सोळा एका स्वरावर, आठ अर्ध्या पायरीने वर, परत आठ खाली. ३ नोव्हेंबरची 'इंडिया'ही याच अल्बमवर आहे. दोन बास मिळून खाली गुंजन धरून ठेवतात आणि वर सोप्रानो व डॉल्फीचा बास क्लॅरिनेट. तिच्यात कुठला राग आहे ते शोधत बसू नका. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ खरी होती, रविशंकरांच्या नावावरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं, पण ही रचना त्याच्या स्वतःच्या घडणीची आहे आणि तशीच ऐकली तर सुंदर वाटते.

मग १९६४. 'क्रेसेंट' आणि 'अ लव्ह सुप्रीम', याच क्रमाने. कुणी तुम्हाला थेट दुसऱ्यावर न्यायला बघेल, जाऊ नका. 'क्रेसेंट'मध्ये त्याची चौकडी, म्हणजे टायनर, बासवर जिमी गॅरिसन, एल्विन आणि तो स्वतः, सर्वांत एकजीव झालेली आहे, आणि 'वाइज वन' ऐकताना आलापातून लयीत शिरण्याची जी क्रिया आपल्याला घरची आहे, ती इथे घडताना दिसते. माझ्या मते हा त्याचा सर्वांत कमी कौतुक वाट्याला आलेला अल्बम.

'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्स इथे, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झाला. चार भाग, मिळून सुमारे तेहतीस मिनिटं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा. गाँगचा एक ठोका, सॅक्सोफोनची आवाहनासारखी सुरावट, आणि मग जिमी गॅरिसनचा बास चार स्वर घेऊन येतो. ते चार स्वर पाठ करा. पहिल्या भागाच्या अखेरीकडे कोल्ट्रेन हीच चार स्वरांची आकृती एकेका पट्टीत हलवत बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो, आणि त्यानंतर मानवी आवाजात तेच चार स्वर शब्दांसह येतात : अ लव्ह सुप्रीम. जप चालू असताना मध्येच पट्टी एक स्वर खाली उतरते, तिथे पुढच्या भागाचं दार उघडतं. तिसरा भाग एकट्या ड्रम्सने सुरू होतो आणि आत बारा बारचा ब्लूजच आहे, मोजून बघा. चौथ्या भागात ठेका नाही. कोल्ट्रेनने लिहिलेली एक प्रार्थना अल्बमच्या वेष्टणावर छापलेली आहे, आणि या भागात तो तिचं एकेक अक्षर सॅक्सोफोनवर म्हणतो. ती कविता समोर ठेवून, ओळीवर बोट ठेवत ऐका. जिथे ओळ संपते तिथे त्याचा श्वास संपतो. अभंगाचा चरण संपतो तसा. या सात मिनिटांसाठी बाकी सगळं आधी ऐकायचं.

'ओम'चं आता सांगते. तो १ ऑक्टोबर १९६५ ला सिअॅटलजवळ मुद्रित झाला. त्यात भगवद्गीतेच्या भाषांतरातला उतारा म्हटलेला आहे, पण संगीत त्याच्या वाटचालीतल्या अत्यंत उग्र टप्प्यातलं, नावावरून अपेक्षिलेली शांती त्यात नाही. ती कोल्ट्रेनच्या घरातली सगळ्यात शेवटची खोली समजा. जून १९६५ चा, अकरा वादकांचा 'असेन्शन'ही तसाच. इकडे यायचंच झालं तर वाट अशी : आधी 'ट्रान्झिशन' (मे-जून १९६५, जुनी चौकडी अजून शाबूत आहे पण कडा तुटायला लागल्यात), मग 'मेडिटेशन्स' (नोव्हेंबर १९६५), आणि मग एकदम 'इंटरस्टेलर स्पेस' (फेब्रुवारी १९६७). हा शेवटचा केवळ सॅक्सोफोन आणि ड्रम्स, दोघंच, म्हणून गर्दी नाही आणि एकेक वाक्य सुटं ऐकू येतं. सहा महिन्यांनीही आवडलं नाही तर सोडून द्या. १९६४ पर्यंतचा कोल्ट्रेन एका आयुष्याला पुरतो.

ऐकायची व्यवस्था. मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नका. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, तो छोटा स्पीकर ती वाजवू शकत नाही, आणि बास गेला की वर सांगितलेलं मोजणंही गेलं. साधे तारेचे हेडफोन चालतील, पण दोन्ही कानांत. त्या काळच्या स्टिरिओ मुद्रणात एखादं वाद्य पूर्ण एकाच बाजूला असतं, एका कानाने ऐकलंत तर तेच गायब. अ‍ॅपमधलं शफल बंद, आपोआप पुढचं लावणं बंद, दोन गाणी एकमेकांत मिसळणारी सोय बंद. 'डिलक्स' आवृत्ती उघडली असेल तर मूळ अल्बम संपला की थांबा. 'जायंट स्टेप्स' मूळचा सात रचनांचा आहे, पुढे त्याच रचनांचे राखून ठेवलेले प्रयत्न एकामागून एक येतात आणि मन विटतं. एका आठवड्याला एकच अल्बम, तीनदा.

विकत घ्यायची घाई नको. महिनाभर ऐकून मग तीन सीडी घ्या : 'माय फेव्हरिट थिंग्ज', 'क्रेसेंट', 'अ लव्ह सुप्रीम'. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांचे हक्क संपलेले आहेत, त्यामुळे 'दोन सीडींत चार अल्बम' असे स्वस्त संच भरपूर मिळतात. ते ऐकायला चालतात, पण ते मूळ टेपवरून केलेले असतीलच असं नाही. मोठे संच आणखी उशिरा. त्यांत मुद्रणाच्या क्रमाने सगळं देतात, अर्धवट सोडलेल्या प्रयत्नांसकट, ते अभ्यासाला उत्तम आणि रात्री ऐकायला वाईट. रेकॉर्डच हवी असेल तर आधी चांगल्या सुईचा प्लेअर. स्वस्त प्लेअरची जड सुई सॅक्सोफोनच्या वरच्या स्वरांना खरखर आणते आणि खाच झिजवते.

आईंसाठी दोन अल्बम आहेत. 'बॅलड्स' हा १९६१-६२ मधला, आठ संथ रचना, बत्तीस मिनिटं. यात कोल्ट्रेन धून जवळजवळ मोडत नाही, शब्द नसलेलं भावगीत वाटावं इतकं जपून वाजवतो. तुम्हाला डोळा लागला तो बहुधा हाच. आईंना लागला तरी हरकत नाही. दुसरा ७ मार्च १९६३ चा, जॉनी हार्टमन या गायकासोबतचा. सहा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. हार्टमनचा आवाज खर्जातला, शब्द सोडताना तो कुठेही घाई करत नाही, आणि त्याचं कडवं संपलं की सॅक्सोफोन तीच ओळ पुढे नेतो. ख्यालात सारंगी जशी गवयाच्या मागोमाग जाते, ते आईंना सांगावं लागणार नाही. 'लश लाइफ'पाशी आवाज थोडा वाढवा, सुरुवातीला हार्टमन फार हळू गातो.